सहा चाकांचं बिऱ्हाड

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. फिरतं घर ही गोष्ट आपल्याला नवी नाही. दिवाळीनंतर घोड्यावर संसार लादून मेंढरांमागे निघालेले धनगर आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. ट्रकवाल्यांची तर केबिन हेच घर. रस्त्याकडेला ट्रक उभा करून स्टोव्हवर कालवण करणारा क्लिनर हे हायवेवरचं नेहमीचं चित्र. तेव्हा माझा भाचा एक दिवस जुना कंटेनर ट्रक घेऊन दारात आला आणि म्हणाला, "मामा, यात मला घर करून पाहिजे," तेव्हा मला फारसं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते पुढच्या वाक्याचं. "आणि त्याच घरात आमच्या दोन मोटारसायकलीपण मावल्या पाहिजेत."

माझं आयुष्य गेलं कोल्हापूरच्या उद्यमनगरात, गाड्यांच्या बॉडी बांधण्यात. टेंपोचे हौदे, दुधाच्या गाड्या, उसाच्या ट्रॉल्या, सगळं केलं. पण माणूस, मोटारसायकल आणि अंथरूण एकाच पेटीत बसवायचं काम कधी आलं नव्हतं. ते करताना जे शिकलो ते आज सांगतो. कुणाला असलं वाहन बांधायचं असेल तर उपयोग होईल, आणि नसेल तरी आपल्या नेहमीच्या टेंपो-ट्रकबद्दल दोन गोष्टी कळतील.

पहिला प्रश्न मी त्याला हाच केला, की बाबा रे, मोटारसायकली चालवतच का नेत नाहीस? उत्तर भाचेसुनेनं दिलं. तीही मोटारसायकल चालवते, आणि त्याच्यापेक्षा जपून चालवते. ती म्हणाली, "मामा, कोल्हापूरहून मनाली दोन हजार किलोमीटरच्या वर आहे. त्यातले पहिले अठराशे नुसता हायवे. उन्हातान्हात पाठ मोडून घ्यायची आणि खरा डोंगर आला की दमून बसायचं. त्यापेक्षा ट्रकनं पायथ्याला जावं, तळ ठोकावा आणि जिथं ट्रक जात नाही तिथं मोटारसायकलनं फिरावं." मला पटलं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, तिथंसुद्धा ट्रकच्या पोटात बसून दुचाकी बिनबोभाट जाते.

पण मंडळी, पत्र्याला कटर लावण्याआधी कागद बघायचा असतो. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं कलम ५२ सांगतं, की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील मूळ उत्पादकानं दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला मनानं करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणे वाचायला सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. मालवाहू ट्रकचं घर करणं म्हणजे रंग बदलणं नव्हे, गाडीची जातच बदलणं आहे. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा वाहनाचा वेगळा प्रकार केंद्राच्या २००४ च्या अधिसूचनेत दिलेला आहे, आणि मोटार कॅराव्हानसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. असल्या चाचण्या पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था करतात. म्हणून आम्ही अशा बांधणीची मान्यता असलेल्या एका कारखान्याला बरोबर घेतलं, नकाशे आधी दाखवले, परवानगी हातात आली तेव्हाच कटर सुरू केला. कागदांना पाच महिने लागले, कामाला तीन. भाचा कुरकुरला. मी त्याला एवढंच म्हटलं, की अपघात झाल्यावर विमा कंपनी पहिल्यांदा नोंदणी पुस्तक उघडते. पुस्तकात मालट्रक आणि रस्त्यावर शयनगृह असेल, तर दावा नाकारायला तिला दुसरं कारण शोधावं लागत नाही.

लायसन्सचाही घोळ अनेकांच्या मनात असतो. एकूण वजन साडेसात हजार किलोपर्यंत असेल तर हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये हलक्या मालवाहू गाड्यांच्या बाबतीतही तेच कायम केलं. आमच्या ट्रकचं एकूण वजन सहा हजार किलो होतं, म्हणजे त्या मर्यादेत.

आता हे एकूण वजन म्हणजे काय, ते नीट समजून घ्यायला हवं. गाडी, तिच्यावरचा पेटारा, डिझेल, माणसं आणि सामान, सगळं मिळून रस्त्यावर जेवढं वजन उतरायला परवानगी आहे तेवढं. आमचा ट्रक रिकाम्या पेटाऱ्यासह ३,६०० किलो भरला. म्हणजे हातात राहिले २,४०० किलो. ऐकायला खूप वाटतं. मी वही काढली आणि मांडायला सुरुवात केली. साडेतीनशे सीसीची एक बुलेट साधारण १९५ किलोची, दोन म्हणजे ३९०. दोन माणसं १४०. आतलं अस्तर, सांगाडा, प्लायवूड ५५०. पलंग, ओटा, कपाटं ३००. पाण्याची दीडशे लिटरची टाकी म्हणजे दीडशे किलो. बॅटऱ्या आणि सौर पॅनेल १००. हत्यारं आणि सुटे भाग १२०. मोटारसायकल चढवायची फळी ६०. कपडेलत्ते, भांडी, शिधा १५०. बेरीज झाली १,९६०. शिल्लक ४४०. भाचा खूश झाला. पण काम संपल्यावर गाडी वजनकाट्यावर घातली तेव्हा ती वहीपेक्षा १८० किलो जास्त भरली. स्क्रू, बिजागऱ्या, रंग, सीलंट, वायरी ही मंडळी वहीत कधी येत नाहीत, काट्यावर मात्र न चुकता हजर राहतात. म्हणून माझा सल्ला, कागदावर किमान तीनशे किलोची मोकळीक ठेवल्याशिवाय काम सुरू करू नये. ज्यादा वजनाला २०१९ पासून दंड वीस हजारांपासून सुरू होतो, पण खरा दंड घाटात ब्रेक तापल्यावर भरावा लागतो.

नुसती बेरीज जुळली म्हणूनही भागत नाही. वजन कुठं बसलंय हे तितकंच महत्त्वाचं. लहानपणी सी-सॉवर आपण खेळलो, तोच हिशेब. भाच्यानं कुठल्याशा परदेशी गाडीचं चित्र पाहिलं होतं. त्यात मोटारसायकली पेटाऱ्याच्या मागं, बाहेर, लोखंडी स्टँडवर टांगलेल्या. तेवढीच आत जागा वाचते, असं त्याचं म्हणणं. मी त्याला खडूनं जमिनीवर आकृती काढून दाखवली. आमच्या ट्रकच्या पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये ३.४ मीटर अंतर. बाहेर टांगलेल्या मोटारसायकलींचा मध्य मागच्या ॲक्सलच्या २.१ मीटर मागं जातो. म्हणजे पुढच्या ॲक्सलपासून साडेपाच मीटर. ३९० ला ५.५ नं गुणा आणि ३.४ नं भागा. मागच्या ॲक्सलवर येतात ६३१ किलो. मोटारसायकलींचं वजन ३९० आणि बोजा ६३१! मग वरचे २४१ किलो आले कुठून? पुढच्या ॲक्सलवरून उचलून आणले. म्हणजे पुढची चाकं तेवढी हलकी झाली. स्टिअरिंग ज्या चाकांच्या हातात, ब्रेकचा मोठा वाटा ज्यांच्यावर, तीच चाकं रस्त्यावरची पकड सैल करणार. पावसाळ्यात करूळ घाटात अशी गाडी चालवून बघायची माझी तरी तयारी नाही.

त्याच मोटारसायकली पेटाऱ्याच्या आत, मागच्या बाजूला शेजारी शेजारी उभ्या केल्या की त्यांचा मध्य मागच्या ॲक्सलपासून फक्त ४० सेंटिमीटर मागं येतो. मग मागच्या ॲक्सलवर ४३६ किलो आणि पुढून फक्त ४६ किलो उचलले जातात. ते भरून काढायला पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या आम्ही पेटाऱ्याच्या पुढच्या भिंतीला, अगदी तळाशी घेतल्या. जड सामान खाली आणि ॲक्सलच्या दरम्यान, हलकं सामान वर, हा नियम पाठ करावा. डोक्यावरच्या कपाटात कपडे ठेवावेत, कुकर आणि डबे नव्हेत. वजनकाट्यावर आधी नुसती पुढची चाकं, मग नुसती मागची, असं वेगवेगळं वजन करून घ्यावं. काटेवाल्याला सांगितलं तर तो करून देतो.

चौदा फुटी पेटाऱ्यात मांडणी ठरली ती अशी. मागचा २.३ मीटरचा भाग मोटारसायकलींचं गॅरेज. हँडलची उंची गृहीत धरून जमिनीपासून १.३ मीटरवर छत, आणि त्या छतावर आडवा पलंग. पुढच्या भागात एका बाजूला ओटा, दुसऱ्या बाजूला बसायची जागा, आणि डाव्या बाजूला दार. ही मांडणी जगभर अशा गाड्यांत करतात, कारण जागा वाचते. पण तिच्यात एक मोठा धोका आहे. त्याकडे थोड्या वेळानं येतो.

आधी पेटाऱ्याबद्दल. ट्रकची चासी ही ताठ वस्तू नसते. एक चाक खड्ड्यात गेलं की ती पिळवटते, आणि तिनं पिळवटायलाच हवं. म्हणून आपले जुने मिस्त्री बॉडी चासीला वेल्ड करत नाहीत. मधे लाकडाची किंवा रबराची पट्टी देऊन यू-बोल्टनं आवळतात. आतला संसारही त्याच हिशेबानं बांधायचा. कपाटं भिंतीला पक्की, पण एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत अखंड ताठ जोडकाम नको. नाहीतर हजार किलोमीटरमध्ये स्क्रू भोकातून सुटतात. खिडकीसाठी पत्रा कापायचा तोही उभ्या-आडव्या फासळ्या बघून, आणि कापलेल्या जागेला चारी बाजूंनी चौकट देऊन. पेटाऱ्याचा पत्रा म्हणजे नुसता पडदा नसतो, तो पेटाऱ्याला तिरका होऊ देत नाही.

मोटारसायकल चढवणं हा दुसरा भाग. आमच्या ट्रकचा मजला जमिनीपासून ९५ सेंटिमीटर. २.४ मीटरची फळी लावली तर १९५ किलोची गाडी ढकलायला, घर्षण सोडून, ७७ किलोचा जोर लागतो. फळी ३.२ मीटरची केली तर ५८ किलो. तरीही एकट्या माणसाचं काम नव्हे. म्हणून पुढच्या बाजूला हातानं फिरवायचं विंच बसवलं. एकानं विंच फिरवायचं, दुसऱ्यानं मोटारसायकल तोलायची. इंजिन चालू करून चढवायचं धाडस करायचंच नाही. बंद पेटाऱ्यात इंजिनचा धूर साठतो, आणि क्लच सुटला तर गाडी थेट भिंतीत. फळीला साखळी लावून ती ट्रकला अडकवणं फार गरजेचं, कारण मोटारसायकलचं चाक नेट लावतं तेव्हा फळी मागं सरकते आणि माणूस गाडीसकट खाली येतो.

आत गेल्यावर ती बांधायची कशी? आपल्याकडे पद्धत म्हणजे साइड स्टँडवर उभी करायची आणि नायलॉनच्या दोरीनं कशालातरी करकचून आवळायची. हे चुकीचं. नायलॉन ताण पडला की लांबतं, भिजलं की आणखी सैल होतं. युरोपात माल बांधण्याचा जो हिशेब धरतात, त्यात जोराचा ब्रेक लागला तर वजनाच्या ०.८ पट ओढ पुढं, आणि वळणावर ०.५ पट बाजूला, असं मानतात. म्हणजे आमच्या प्रत्येक मोटारसायकलीची ओढ पुढं १५६ किलो आणि बाजूला जवळपास ९८ किलो. तेव्हा पुढचं चाक लोखंडी खोबणीत अडकवायचं, स्टँड वर घ्यायचा, आणि रॅचेटचे चार पट्टे लावायचे. दोन पुढच्या बाजूला, दोन मागं, प्रत्येक साधारण ४५ अंशांत. पुढचे पट्टे आवळताना शॉक-अब्सॉर्बर अर्धा दाबला गेला की पुरे. पूर्ण दाबला तर ऑइल सील खराब होतात. आणि पट्ट्याचा हूक प्लायवूडमधल्या स्क्रूला नव्हे, मजल्याखालच्या लोखंडी आडव्या बीमला गेलेल्या बोल्टला लावायचा. निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून पट्टे एकदा बघायचे. पहिल्या दहा किलोमीटरमध्ये सगळं सामान आपापली जागा घेतं आणि पट्टे हमखास सैल होतात.

आता त्या धोक्याकडे येतो. भाच्याला पलंगाशेजारून गॅरेजमध्ये उतरायला आतून एक छोटं दार हवं होतं. पाऊस असेल तर बाहेर न जाता मोटारसायकलीतलं सामान काढता येईल, हेल्मेट ठेवता येईल. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "मामा, एका दारानं काय होतंय?" मग मी त्याला एक जुनी गोष्ट सांगितली. ती मी घरात कधी सांगितली नव्हती.

१९८८ चा पावसाळा. मी आणि माझा एक मित्र त्याची बुलेट टेंपोत घालून सावंतवाडीला निघालो होतो. आंबोलीत रात्र झाली. पाऊस असा, की हात पुढं केला तर दिसेना. आम्ही टेंपोच्या हौद्यातच, मोटारसायकलीच्या शेजारी, पोती अंथरून झोपलो. ताडपत्री चारी बाजूंनी ओढून बांधली. मोटारसायकल पोत्यांवर जरा कललेली होती आणि पेट्रोलचा कॉक बंद करायचा राहिला होता. कललेल्या कार्बुरेटरमधून थेंब थेंब पेट्रोल गळत होतं. मध्यरात्री मला जाग आली ती डोकेदुखीनं. वास येत होता, पण झोपेत उमगेना. तेवढ्यात शेजारी खसखस झाली. मित्र उठून बसला होता, तोंडात विडी, हातात काडेपेटी. त्यानं एक काडी ओढली, ती पेटली नाही. दुसरी ओढली, तीही पेटली नाही. तिसरीच्या आधी मी त्याच्या हातावर फटका मारला आणि ताडपत्री फाडूनच आम्ही बाहेर पडलो. आम्ही वाचलो ते आमच्या अकलेनं नाही, पावसानं सादळलेल्या काडेपेटीनं.

पेट्रोलचं पाणी करू नका, ते शत्रूसारखं ओळखा. शून्याखाली चाळीस अंशांतसुद्धा त्याची पेट घेण्याजोगी वाफ होते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, म्हणून ती वर जात नाही, पाण्यासारखी मजल्यावर पसरते आणि सखल जागा शोधते. हवेत तिचं प्रमाण साधारण दीड टक्का झालं तरी एक ठिणगी पुरते. ठिणगी म्हणजे काडीच लागते असं नाही. फ्रिजचा रिले, पाण्याच्या पंपाची मोटर, दिव्याचं बटण, कुठलीही. आणि टाकी अर्धी रिकामी असेल तर धोका कमी असं समजू नका, रिकाम्या जागेत वाफच असते. रेल्वेनं मोटारसायकल पाठवताना टाकी रिकामी करून घेतात ते उगीच नाही.

गोष्ट संपल्यावर भाचा गप्प झाला. भाचेसून म्हणाली, "मामा, दार नको. पुढचं सांगा." पुढचं असं. गॅरेज आणि राहायची खोली यांच्यामधली भिंत आणि पलंगाखालचं छत अखंड पत्र्याचं केलं, प्रत्येक सांधा सीलंटनं बंद केला, वायर किंवा पाइप जाईल असं एकही भोक ठेवलं नाही. गॅरेजला दोन्ही बाजूंना मजल्यालगत जाळीच्या झडपा ठेवल्या, जड वाफ बाहेर पडायला, आणि वर दोन, हवा आत यायला. गॅरेजमध्ये विजेची कोणतीही वस्तू नाही. दिवा लागला तर बॅटरीचा कंदील बाहेरून लावून आणायचा. आणि सगळ्यात मोठा नियम फुकटचा आहे. रात्री मोटारसायकली बाहेर, माणसं आत. ट्रकच्या चासीला साखळी लावून त्या बाहेर बांधायच्या. मोटारसायकल पोटात असताना वर कुणी झोपायचं नाही.

दुसरी एक गोष्ट, जी कुणाच्या पटकन ध्यानात येत नाही. कंटेनरची मागची दारं फक्त बाहेरून बंद होतात आणि बाहेरूनच उघडतात. माल आतून दार ठोठावत नाही, म्हणून ती तशी केलेली असतात. माणसं राहणार तर बाजूचं दार आतून किल्लीशिवाय उघडायलाच हवं, आणि त्याखेरीज बाहेर पडायला दुसरी वाट हवी. आम्ही पलंगाच्या उशाशी माणूस बाहेर पडेल एवढी खिडकी ठेवली. बाजूच्या दाराशी आग विझवायचं नळकांडं. आणि गाडी चालत असताना मागच्या खोलीत कुणीही बसायचं नाही. पट्टा लावून बसायची जागा फक्त केबिनमध्ये.

स्वयंपाकाला वीज की गॅस, यावर घरात बराच खल झाला. बारा व्होल्टची दोनशे अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण अडीच युनिट वीज. छोटा फ्रिज, पंखा, दिवे, पंप आणि फोन मिळून दिवसाला एक युनिट. म्हणजे ऊन नसलं तरी अडीच दिवस निभावतं, आणि टपावरचं चारशे वॅटचं सौर पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला दीड युनिटच्या आसपास देतं. पण दीड हजार वॅटची इंडक्शन शेगडी तासभर चालवली की निम्म्याहून अधिक बॅटरी संपली. म्हणून स्वयंपाक गॅसवर. हा गॅसही हवेपेक्षा जड. तेव्हा पाच किलोची टाकी आत नाही ठेवली. खोलीपासून पूर्ण बंद, बाहेरून दार असलेल्या खणात ती ठेवली आणि खणाच्या तळाला भोक पाडलं, गळालाच तर गॅस जमिनीकडे जाईल. गॅसचा वास पकडणारी घंटा मजल्याजवळ, आणि कार्बन मोनॉक्साइडची घंटा उशाच्या उंचीला. या दुसऱ्या वायूला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. थंडीत दारं-खिडक्या लावून शेगडीवर हात शेकत झोपणारी माणसं त्यामुळं उठत नाहीत. शेगडी स्वयंपाकासाठी, उबेसाठी गोधडी.

बॅटरीच्या बाबतीत एक सांगतो. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर हवा. वायर पत्र्याच्या भोकातून जाते तिथं रबरी कडी हवी. ट्रक हादरतो, पत्रा वायर कापतो, आणि शॉर्ट झालेल्या बॅटरीतून शेकडो अँपिअर धावतात. गाडीचा स्टार्टर आणि घराची बॅटरी वेगळी ठेवावी, म्हणजे रात्री पंखा लावला म्हणून सकाळी इंजिन रुसत नाही.

पत्र्याचं घर मे महिन्यात तव्यासारखं तापतं आणि डोंगरात बर्फाच्या पेटीसारखं गार पडतं. म्हणून भिंतीत ४० मिलिमीटरचं अस्तर घातलं. पण लोखंडी फासळ्यांवर लाकडाची पट्टी मारल्याशिवाय अस्तराचा उपयोग अर्धाच होतो, कारण उष्णता फासळीतून वाट काढते. अस्तरही आग न धरणाऱ्या जातीचंच घ्यावं. साधा थर्मोकोल स्वस्त पडतो, पण पेटतो. थंडीत दुसरीच कटकट. दोन माणसं रात्रभरात श्वासातून अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी सोडतात. ते गार पत्र्यावर जमतं आणि गादीला बुरशी धरते. उपाय साधा आहे. खाली एक झडप आणि छताला एक पंखा, थंडीतसुद्धा थोडा उघडा.

टपावर पंखा आणि पॅनेल बसवल्यावर गाडीची उंची वाढली. ती टेपनं मोजून मी आकडा रंगानं केबिनमध्ये ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर लिहिला. रेल्वेच्या पुलाखाली किंवा वडाच्या फांदीखाली शिरताना आठवणीवर विसंबू नये.

महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हान पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून अशा गाड्यांबद्दल विचारणारे वाढले आहेत. काहीजण येतात आणि विचारतात, किती खर्च येईल, किती दिवसांत होईल. मी त्यांना आधी वजनकाट्यावर पाठवतो.

मनालीला निघण्याआधी मी भाच्याला एक अट घातली. पहिली रात्र जवळच काढायची, म्हणजे काय राहिलं ते कळेल. तो म्हणाला, "मग आंबोलीलाच जाऊया." मीही बरोबर गेलो, माझ्या जीपमधून. जुलै होता. पाऊस तसाच, छत्तीस वर्षांपूर्वीसारखा. संध्याकाळी दोघांनी मोटारसायकली उतरवल्या, साखळी लावली. भाचेसुनेला तिची नवी गाडी भिजते म्हणून वाईट वाटत होतं. तिनं ताडपत्री काढली आणि दोन्ही मोटारसायकलींवर नीट ओढून बांधली. मग तिनं गॅरेजच्या झडपा उघड्या आहेत का ते हात घालून पाहिलं आणि वर जाऊन झोपली. मी जीपमध्ये बराच वेळ जागा होतो. कसलाही वास येत नव्हता. फक्त पावसाचा.